मोबाइलचं पान

तीनशे सव्वीस जुळत नाहीत, असं तेजल म्हणाली तेव्हा मी डबा खाऊन जागेवर बसलो होतो आणि डोळे मिटायच्या बेतात होतो. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात दुपारी अडीच ते तीन कुणी कुणाशी बोलत नाही. खालच्या मजल्यावर प्लॅस्टिकची झाकणं पाडणारं मशीन चालू असतं, त्याचा दणका जमिनीतून खुर्चीत आणि खुर्चीतून पाठीत येतो, आणि एकावन्नाव्या वर्षी अशा दणक्यानेही झोप लागते. तेजल माझ्या निम्म्या वयाची. गेले सात महिने ती माझं सतरा वर्षांचं काम नव्याने लिहीत होती. जुने सगळे अर्ज तिने तिच्या नव्या प्रोग्राममधून पुन्हा चालवून पाहिले होते, जुनं उत्तर आणि नवं उत्तर सारखं येतंय का ते बघायला. "सर, माझंच काहीतरी चुकलंय," ती म्हणाली, "दोनदा चालवलं, तरी तेवढेच येतायत." मी बघतो म्हटलं आणि ती गेल्यावर डोळे मिटले. झोप काही आली नाही. सत्तावीस हजार अर्जांत तीनशे सव्वीस म्हणजे चिमूटभर, असं मी स्वतःला सांगितलं, पण खालचा दणका बसला की तो आकडा पुन्हा डोक्यात येत होता.

काम एका ट्रस्टच्या वसतिगृहांचं. मुलुंड, घाटकोपर आणि दिंडोशी अशी तीन वसतिगृहं, गावाकडून मुंबईत शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी. अर्ज वेबसाइटवर भरायचा, भरला की तिथल्या तिथे उत्तर येतं, पात्र किंवा अपात्र. पात्र असलात तर पुढे मुलाखत. ही वेबसाइट मी दोन हजार आठ साली एकट्याने लिहिली, आणि त्या वेळी बरेच जण लिहायचे तशी लिहिली, पानापानाने. एका पानाची एक फाइल. त्या फाइलीतच प्रश्न, त्यातच नियम, त्यातच नोंद आणि त्यातच उत्तर. नवं पान हवं असलं की जुन्याची कॉपी काढायची आणि लागेल तेवढं बदलायचं. तीन वसतिगृहं, मुलं वेगळी, मुली वेगळ्या, नवा प्रवेश वेगळा, मुदतवाढ वेगळी, अशी अर्जाची बारा पानं झाली आणि बाराही पानांत तोच नियम बारा वेळा लिहिलेला. तेजल लिहीत होती ती पद्धत याच्या उलटी. तिच्यात कामाचे तीन वाटे करतात. नोंदी आणि नियम एका ठिकाणी, त्याला मॉडेल म्हणायचं. नुसतं दिसणं दुसरीकडे, तो व्ह्यू. आणि बाहेरून कुणी काय मागितलं ते ऐकून या दोघांना कामाला लावणारा मधला कंट्रोलर. पहिल्याच आठवड्यात तिने मला हे उडप्याच्या हॉटेलवरून समजावून सांगितलं, भटारखाना कुठला, वेटर कुठला, काउंटरवरचा कुठला. मी मान डोलावली. अंधेरीला शनिवार-शनिवार जाऊन मी याचाच कोर्स केला होता, ती बहुधा सातवीत असताना. पटलंही होतं. पण चालू असलेल्या गाडीचं इंजिन काढायला कुणाला वेळ असतो? आज उद्या करता करता माणूस म्हातारा होतो आणि मग एक मुलगी येऊन त्याला भटारखाना दाखवते.

आमचा मालक हर्षद, मूळचा मालवणचा, मनाने वाईट नाही. गुरुवारी ट्रस्टची मीटिंग होती आणि तिथे वाचून दाखवायला त्याला दोन पद्धतींची तुलना करणारं टिपण हवं होतं. जुनं का टाकायचं, नवं का घ्यायचं, दोन पानांत. तुम्हीच लिहा कुंडलिकराव, तुमच्या हातचं असलं की ते विश्वास ठेवतील, असं तो म्हणाला होता. आपल्याच निरोप समारंभाचं भाषण आपणच लिहून द्यायचं, तसं ते काम होतं. मी सोमवारी अर्धं लिहिलं. जुन्याची बाजू मी मुद्दाम आधी लिहिली. फाइल उघडली की वरपासून खालपर्यंत वाचत जायचं, सगळं समोर, काही लपलेलं नाही. दिंडोशीच्या रेक्टरबाईंचा फोन यायचा, अमुक पानावर तारीख चुकतेय, आणि त्यांनी फोन ठेवायच्या आत मी ती सुधारलेली असायची. नव्यात एक ओळ कुठून आली हे शोधायला सात फाइली उघडाव्या लागतात. हे लिहिताना मला बरं वाटलं होतं. नव्याच्या बाजूला मी एकच वाक्य लिहून उठलो होतो, की नियम एकाच जागी राहत असल्यामुळे तो बदलणं सोपं जातं. ते वाक्य मी कोर्सच्या वहीतून उचललं होतं.

तीन वाजता मी तेजलने पाठवलेली यादी उघडली. डोळ्यांना त्रास होतो म्हणून अक्षर मोठं केलं. तीनशे सव्वीसच्या तीनशे सव्वीस जणांना जुन्याने अपात्र ठरवलं होतं आणि नवं त्यांना पात्र म्हणत होतं. सगळ्यांच्या शिक्षणात खंड होता, कुणाचा एक वर्षाचा, कुणाचा दोन. हे दिसल्यावर मला सुटल्यासारखं झालं. पूर्वी ट्रस्ट खंड पडलेल्या मुलांना घेत नसे. दोन हजार चौदा साली पत्र आलं की दोन वर्षांपर्यंतचा खंड चालेल, घरची अडचण म्हणून शाळा सुटते, त्यात मुलांचा काय दोष. तेजलने जुने अर्ज नव्या नियमाने तपासले असणार, असं मी धरून चाललो. मग तारखा बघितल्या. सगळे अर्ज त्या पत्रानंतरचे होते. सर्वांत अलीकडचा मागच्या जूनचा. नियम मी बदलला होता, ते मला स्वच्छ आठवत होतं. शुक्रवार होता, बारा पानं एकामागून एक उघडून बदलली होती, प्रत्येकावर खोटा अर्ज भरून पाहिला होता आणि पाठ दुखत घरी गेलो होतो. बारा. मी बोटांवर मोजली, वर्षाचे महिने मोजतात तशी. तेव्हा यादीतल्या शेवटच्या रकान्याकडे लक्ष गेलं. अर्ज कुठून भरला, तो रकाना. प्रत्येक ओळीत मोबाइल.

पानं तेरा होती. बारा मोठी आणि एक फोनसाठी. मोठं पान फोनच्या पडद्यावर मावत नाही म्हणून दोन हजार तेरा साली मी मुलुंडच्या पानाची कॉपी काढून एक छोटं पान केलं होतं, तिन्ही वसतिगृहांसाठी मिळून, आणि फोनवरून कुणी आलं की साइट त्याला आपोआप तिकडे पाठवायची. मी ते उघडलं. जुना नियम तिथे जसाच्या तसा होता. खंड असेल तर अपात्र. त्याच्या वर माझीच टीप, नंतर मोठ्या पानासारखं करणे. नियम बदलला त्या शुक्रवारी माझ्याकडे बटणांचा फोन होता, त्यावर इंटरनेट नव्हतं, आणि मोबाइलचं पान माझ्या डोक्यातच आलं नाही. नंतर मोबाइल बदलला, तीन बदलले, पण मी त्या पानावर कधी अर्ज भरला नाही. मला कशाला भरावा लागेल? ज्यांचा खंड नव्हता ते फोनवरून बिनघोर पात्र होत होते, म्हणून कुणाला संशय आला नाही. खंड असलेले कॉम्प्युटरवरून भरत ते पात्र. खंड असलेले आणि फोनवरून भरणारे, तेवढ्यांना माझं पान परत पाठवत होतं. क्षमस्व, आपण पात्र नाही. हे वाक्यही माझंच. क्षमस्व मी विचार करून घातलं होतं, उद्धट वाटू नये म्हणून.

अकरा वर्षांत एकही तक्रार कशी आली नाही, हे मला त्या क्षणी कळेना, आणि मग फार चांगलं कळलं. चूक सगळ्यांना सारखी लागली असती तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती, रेक्टरबाईंनी फोनवर फोन केले असते. पानापानाच्या कामात चूक थोड्यांनाच लागते, आणि ते थोडे म्हणजे ज्यांच्या घरात कॉम्प्युटर नाही, ज्यांची आई आजारी पडली, ज्यांना एक वर्ष उसाच्या तोडीवर जावं लागलं. अशा मुलांना कुणी पात्र नाही म्हटलं तर ती वाद घालत नाहीत. त्यांना ते खरंच वाटतं. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. एक्याण्णव साली मी मेहकरहून मुंबईत आलो तेव्हा एका वसतिगृहाच्या खिडकीशी उभा होतो. आतल्या माणसाने अर्जावरचं आडनाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग तो अर्ज उलटसुलट करू लागला. शेवटी त्याला सापडलं, दाखल्यावरची तारीख जुनी आहे. मी काही बोललो नाही. माझीच चूक, मी तारीख बघायला हवी होती, असं वाटून मी पायऱ्या उतरलो. पुढची चार वर्षं आरे कॉलनीत काढली, आत्याचे यजमान तिथे गोठ्यावर होते, त्यांच्या खोलीच्या ओट्यावर. कॉलेजात शेजारी बसणारा मुलगा नाक मुरडायचा, शेणाचा वास शर्टातून जात नसे. म्हणून कॉम्प्युटर हातात आला तेव्हा मला वाटलं, याला डोळे नाहीत, हे चांगलं आहे. मी त्या साइटवर नाव आणि आडनाव सगळ्यांत शेवटी विचारलं, पात्रतेचं उत्तर ठरून गेल्यावर. आमच्या सेक्टरमधल्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात मी हे भाषणात सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता मी लाजेने खुर्चीत आकसून बसलो. आडनाव मी झाकलं होतं, आणि हातात काय आहे ते बघून माणसं परत पाठवली होती.

यादीत खाली जाताना मी एका नावाची वाट बघत होतो. ते असणार हे मला ठाऊक होतं आणि नसावं असंही वाटत होतं. दोनशे अकराव्या ओळीवर ते आलं. संघमित्रा, माझ्या मोठ्या भावाची, दशरथदादाची मुलगी. दोन हजार अठरा साली बारावी होऊन तिचं एक वर्ष गेलं होतं, कारण वहिनीचं ऑपरेशन झालं आणि घर तिने सांभाळलं. तिला मुंबईत संख्याशास्त्र शिकायचं होतं. शकु, माझी बायको, म्हणाली होती की पोरीला आपल्याकडेच राहू दे. पण आमच्या दीड खोलीत आई अंथरुणाला खिळलेली, मुलाची दहावी. मी म्हटलं, वसतिगृहात मानाने राहील. दादाने फोन करून हळूच विचारलं, ट्रस्टमध्ये तुझी ओळख आहे ना? मी त्याला बरंच सुनावलं. ओळख लावायची नाही, सगळ्यांना एकच नियम, तिने तिच्या हिमतीवर यावं. तो पुढे बोललाच नाही. मग उत्तर आलं, क्षमस्व. संघमित्राने स्वतः फोन केला होता. ती म्हणत होती की सगळं बरोबर भरलंय. मी म्हटलं, काहीतरी चुकलं असणार तुझं, नीट आठव. मला तो स्वर अजून ऐकू येतो, माझा स्वतःचा, समजूतदार. मुदत संपली होती. ती मेहकरलाच राहिली, बाहेरून बी.ए. केलं, आणि आता एसटी स्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. बरं चाललंय तिचं. लग्नाकार्यात भेटली की वाकून नमस्कार करते आणि पुढे सरकते.

पाच वाजता तेजल पुन्हा आली. तिचा चेहरा उतरला होता. तिने घाबरत विचारलं, खंडवाल्यांना मीही अपात्र करून टाकू का, एका ओळीचं काम आहे, म्हणजे गुरुवारपर्यंत सगळं जुळेल. एक ओळ, एकाच जागी, आणि ती सगळ्यांना लागू झाली असती, फोनवाल्यांना, कॉम्प्युटरवाल्यांना, पुढच्या जूनला येणाऱ्या प्रत्येकाला. मला नुसतं हो म्हणायचं होतं. किंवा काहीच न बोलता जुना डेटा कचरा आहे, सोडून दे, असं म्हणायचं होतं. तिने विश्वास ठेवला असता, कारण मी सर होतो. "तुझं बरोबर आहे," मी म्हणालो. "चूक माझी आहे. अकरा वर्षं आहे." ती खुर्ची ओढून बसली आणि मी तिला तेरावं पान दाखवलं. तिने माझी टीप वाचली, मग खालचा नियम.

हर्षदने सगळं ऐकून घेतलं. त्याने केबिनचं दार लावलं, पंखा वाढवला. मग तो विचारू लागला. नवीन आलं की ही चूक आपोआप मिटतेय, मग उकरायची कशाला? त्या पोरांना आता सांगून काय करणार, त्यांची वर्षं परत देणार? ट्रस्टवाले काम काढून घेतील, तेजलच्या सात महिन्यांवर पाणी पडेल, तिची काय चूक? तो चिडून बोलत नव्हता, हेच अवघड होतं. "झालां तां झालां, कुंडलिकराव," तो शेवटी म्हणाला. "टिपणात नको. तुमच्याच नावाला बट्टा लागेल." मी थकलो होतो. सतरा वर्षांचा एकदम थकलो होतो, आणि त्याच्या म्हणण्यात एक गादी होती, जाऊन पडावं अशी. मी बघतो म्हटलं. दिवसात दुसऱ्यांदा मी बघतो म्हटलं होतं.

घरी शकुला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती रागावली नाही, सल्ला दिला नाही. तिने एवढंच विचारलं की संघमित्रा त्या वर्षी चुकली नव्हती का मग. मी नव्हती म्हटलं. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली, डोळ्यांना पदर लावला आणि थोड्या वेळाने पुन्हा निवडायला घेतली.

बुधवारी सकाळी मी लवकर ऑफिसला आलो आणि टिपणाचा राहिलेला भाग लिहिला. नव्या पद्धतीच्या बाजूला वहीतलं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं की जुन्या पद्धतीत एकच नियम तेरा ठिकाणी होता, बारा ठिकाणी मी तो बदलला आणि तेराव्या ठिकाणी विसरलो, त्यामुळे तीनशे सव्वीस पात्र मुलामुलींना अपात्र ठरवलं गेलं, यादी सोबत जोडली आहे. नवी पद्धत माणसाला विसरू देत नाही असं नाही, पण विसरलं तर लगेच सगळ्यांना कळतं. खाली पूर्ण नाव लिहून ते हर्षदला पाठवलं. वर एक ओळ टाकली, की हे वाचलं गेलं नाही तर मीटिंगमध्ये मी तोंडी सांगेन. मग जिन्यात जाऊन संघमित्राला फोन लावला.

मागे झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, पान, नियम, फोन, शुक्रवार. मध्ये एकदा तिने कुणाला तरी दोन प्रती ना, असं विचारलं फक्त. माझं संपल्यावर ती म्हणाली, "मला माहीत होतं, काका."

मला समजलं नाही.

दुसऱ्या वर्षी तिच्या मैत्रिणीने अर्ज भरला होता, तिचाही एक वर्षाचा खंड, पण तिने बुलढाण्याला जाऊन कॅफेतून भरला. तिला घाटकोपर मिळालं. संघमित्राच्या तेव्हाच लक्षात आलं. दुकान टाकल्यापासून ती त्या ट्रस्टचा अर्ज कुणालाही फोनवरून भरू देत नाही. पोरं म्हणतात ताई आम्ही घरून भरतो, ती म्हणते इथे बसून कॉम्प्युटरवरच भरा. तिच्या दुकानातून नऊ जण गेले मुंबईला, त्यांतले चार खंडवाले. हे सगळं तिने सरळ आवाजात सांगितलं, कामाची माहिती द्यावी तसं.

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

"सांगितलं होतं. आजोबा गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही आला होता तेव्हा. तुम्ही म्हणाला, कॉम्प्युटर माणूस बघत नाही."

मला ते आठवत नव्हतं. मी जिन्यात खाली बसलो. माफी मागायची होती, शब्द तयारही होते, पण ते क्षमस्वच्या जवळ जाणारे होते आणि तो शब्द मला उच्चारता येईना. मी नुसता, चुकलो गं, असं म्हणालो. ती हूं म्हणाली. मग तिने विचारलं की असे एकूण किती जण आहेत. मी आकडा सांगितला.

"तीनशे सव्वीस," ती म्हणाली. "त्यांना सांगितलं?"

मी म्हटलं अजून नाही, पहिला तुलाच फोन.

"यादीत माझा नंबर कितवा आहे?"

"दोनशे अकरावा."

"मग आज मला काऊन केला?" तिचा आवाज चढला नव्हता, पण पहिल्यांदाच तो जरा हलला. "सगळ्यांना एकच नियम ना काका? माझ्या आधी दोनशे दहा आहेत. त्यांना करा. माझा नंबर आला की मी उचलीन."

दुकानात गिऱ्हाईक होतं, तिने फोन ठेवला. मी उठलो आणि जागेवर आलो. काचेच्या केबिनमधून हर्षद माझ्याकडे बघत होता, त्याच्या पडद्यावर माझं टिपण उघडं असणार. त्याने बाहेर येण्यासाठी खुर्ची मागे सरकवली. मी यादी काढली, अक्षर मोठं केलं आणि पहिल्या ओळीवरचा नंबर लावला. अकरा वर्षांपूर्वीचा नंबर, लागेल असं वाटलं नव्हतं. बराच वेळ वाजला. मग एका बाईने उचलला, मागे लहान मूल रडत होतं. मी विचारलं, दीप्ती आहेत का?

"बोलतेय," ती म्हणाली. "कोण?"